ओळखमान

शलाका हेरवाडेला तिसऱ्यांदा डावललं गेलं तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

शीतांश कोल्डचेन या कंपनीची सांगली-तासगाव पट्ट्यात अकरा शीतगृहं होती. बहुतेकांत बेदाणा, दोन-तीनमध्ये हळद आणि फळं. सगळी अमोनियावर थंड होत, आणि अमोनिया हे प्रकरण भलतंच जहाल. पाइपाबाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं, जिथे ओल असेल तिथे तो भाजत जातो. तो पाइपातच राहील हे बघणं शलाकाचं काम होतं. बारा वर्षांत तिच्या हद्दीत एकही मोठी गळती झाली नव्हती. तरी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, ती तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या एका इंजिनिअरला मिळाली.

तिने पुण्याला जाऊन संचालक केळुसकरांना कारण विचारलं. केळुसकर सरळ गृहस्थ होते, त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, मॅडम. पण गळती झाली नाही, ही काही बातमी होत नाही. गिऱ्हाईक आधी 'परिचय'वर माणसाचं नाव शोधतं. त्याचं नाव टाकलं की पानंच्या पानं उघडतात. तुमचं टाकलं की फोटोसुद्धा येत नाही."

'परिचय' हे नोकरदारांचं जाळं. शलाकाने तिथे लिहून बघितलं. तीन आठवडे रोज अर्धा तास. कॉम्प्रेसरमधलं तेल कसं काढावं, व्हॉल्व्हची पॅकिंग कधी बदलावी, असलं काहीबाही. तिची वाक्यं तुटक, निम्मी 'पण'ने सुरू होणारी. सात जणांनी वाचलं. त्यातला एक तिचा नवरा भरतेश होता, आणि त्याला मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवण्यापलीकडे यंत्रांशी काही देणंघेणं नव्हतं.

मग तिने 'छबी' घेतली.

छबी ही यंत्रणा साधी होती. तुमचं शिक्षण, नोकरी, फोटो, जुने ईमेल तिच्या हवाली करायचे. तुमच्या क्षेत्रात वरच्या जागी पोचलेली माणसं काय आणि कसं लिहितात हे तिला ठाऊक असे. ती तुमच्या नावाने तसं लिहायची, लोकांना उत्तरं द्यायची, अभिनंदनं करायची, कंपनीच्या पाहण्यांचे फॉर्म भरायची. आधी मजकूर दाखवायची आणि तुम्ही हो म्हटलं की टाकायची. पहिल्या महिन्यात शलाकाने प्रत्येक मजकुरात काटछाट केली. "मला मनापासून अभिमान वाटतो" हे वाक्य तर तिने अकरा वेळा खोडलं. दुसऱ्या महिन्यात ती फक्त वरवर नजर टाकू लागली. तिसऱ्या महिन्यात छबीने विचारलं, थेट टाकत जाऊ का? शलाका तेव्हा विट्याजवळच्या शीतगृहात शिडीवर उभी होती. तिने हो म्हणून टाकलं.

भरतेशने एकदा जेवताना विचारलं, "हे 'सुरक्षितता हा एक उत्सव आहे' तू लिहिलंस?"

"नाही. पण चार हजार लोकांनी वाचलं."

"तू असं बोलत नाहीस."

"बोलले असते तर दोन वर्षं आधीच वर गेले असते," ती म्हणाली.

दीड वर्षात ती विभागप्रमुख झाली. परिषदांना बोलावणी यायला लागली. तिथे छबीने लिहून दिलेलं भाषण ती वाचून दाखवी आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत. टाळ्या आपल्यासाठीच आहेत असं तिला वाटू लागलं, आणि त्यात तिचं फार चुकलं असंही म्हणता येणार नाही. बारा वर्षं कुणी तिच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

त्याच वर्षी तिचे वडील वारले. मूत्रपिंडं निकामी झाली होती, मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती आईजवळ असताना धाकट्या भावाचा, सन्मतीचा फोन आला.

"ताई, बाबांवरचं ते तू लिहिलंस?"

तिने उघडून बघितलं. तिच्या नावावर, वडिलांच्या जुन्या फोटोसह मजकूर होता. 'जाताना बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तू नसतानाही काम चालू राहील, अशी माणसं घडव. नेतृत्वाचा याहून मोठा धडा मला कुणी दिला नाही.' साठ हजार लोकांनी वाचला होता.

"बाबा पाणी मागत होते, ताई," सन्मती म्हणाला. "डॉक्टरांनी नको सांगितलं म्हणून आपण दिलं नाही. शेवटपर्यंत ते पाणीच मागत होते. हे तू खोडून टाक."

ती खोडणारच होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. शेजारच्या बाईंनी तिला मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. "तुझ्याशी बोलले होय गं ते?" आई म्हणाली. "मला वाटलं, तडफडतच गेले. बरं झालं, सांगून गेले काहीतरी." ती भिंतीला टेकून बसली, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला.

शलाकाने मजकूर राहू दिला. आईसाठी राहू दिला, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच मजकुरामुळे तिला एका राष्ट्रीय समितीवर घेतलं गेलं, हेही खरं. सन्मती त्यानंतर तिच्याशी बोलेनासा झाला.

याच सुमाराला ओळखमान आलं.

त्याआधीची दोन वर्षं देशात बनावटीचा कहर झाला होता. कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज, पाच मिनिटांत तयार. शीतांशच्याच नाशिककडच्या शीतगृहाला केळुसकरांच्या आवाजात फोन गेला होता, ताबडतोब बंद करा. मॅनेजरने बंद केलं, आणि द्राक्षांच्या पेट्याच्या पेट्या सडून गेल्या. फोन कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. चेहरा चोरता येतो, आवाज चोरता येतो, मग माणूस ओळखायचा कशावरून? शास्त्रज्ञांनी उत्तर काढलं, त्याच्या बोलण्याच्या धाटणीवरून. आपण किती शब्दांनी श्वास घेतो, कुठे अडखळतो, रागावलो की वाक्य लांबवतो की तोडतो, कुठली गोष्ट कधीच म्हणत नाही, या हजारो बारीक सवयींचा एक साचा तयार होतो. माणसाचं आजवरचं सगळं लिहिणं-बोलणं वाचून यंत्र तो साचा बनवी. नवं काही आलं की साच्यात बसवून बघे आणि शंभरपैकी आकडा सांगे. सत्तरच्या वर आकडा, तर ते तुमचं. खाली, तर दुसऱ्याच कुणाचं. वर्षभरात बँका, कचेऱ्या, पोलीस, सगळे त्याच आकड्यावर चालू लागले. फोनसुद्धा वाजला की नावापुढे आकडा दिसे.

साचा कशापासून बनतो, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. यंत्राला जे सापडेल त्यापासून तो बने. शलाकाच्या नावावर त्याला छबीचे सहा हजार मजकूर सापडले, आणि तिचे स्वतःचे तीन आठवड्यांचे.

मार्चमध्ये, बेदाण्याची आवक ऐन भरात असताना, तासगाव रस्त्यावरच्या शीतगृहातून आप्पासाहेब मगदूमांचा फोन आला. नावापुढे आकडा होता शहाण्णव. आप्पांनी जन्मात कुठे काही लिहिलं नव्हतं. त्यांचे होते ते फक्त फोन.

आप्पा तिथले यंत्रचालक. शलाका शिकाऊ म्हणून नोकरीला लागली तेव्हा कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बेअरिंगचं दुखणं ओळखायला तिला त्यांनी शिकवलं होतं. दोन वर्षं ती दुपारची जेवायला त्यांच्याच घरी जाई.

"ताई, एकदा येऊन जावा," आप्पा म्हणाले. "मागच्या भिंतीच्या पाइपला घाम सुटलाय. वरचं आवरण फुगलंय. मला काय ते लक्षण बरं वाटंना."

ती गेली. मागच्या भिंतीला द्रवरूप अमोनियाची मोठी पाइप होती, वर थंडी राखणाऱ्या फोमचा जाड थर आणि त्यावर पत्रा. पत्र्याच्या सांध्यातून ओल आत शिरली, की ती फोममध्ये मुरते आणि आतलं लोखंड वर्षानुवर्षं गुपचूप खात राहते. बाहेरून काही कळत नाही. आप्पांनी करवतीने हातभर आवरण कापलं. आतून तपकिरी चिखल बाहेर आला. शलाकाने खरडून, पुसून, जाडी मोजायचं यंत्र टेकवलं. सहा मिलिमीटरच्या पाइपची जाडी एके ठिकाणी दीड भरली. चार बोटं पुढे, एक पूर्णांक दोन.

भिंतीच्या पलीकडे प्रतवारीचा हॉल होता. चाळीसेक बायका मेजांवर बेदाणा निवडत होत्या, त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"आजच बंद करायला पाहिजे," शलाका म्हणाली.

मॅनेजर किरण लोंढे ऑफिसात होता. त्याने आकडे बघितले आणि घाबरला. वाईट माणूस नव्हता तो. "मॅडम, तुमचा आदेश यंत्रणेतून येऊ द्या. मी त्या मिनिटाला बंद करतो. नाशिकच्या मॅनेजरचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

तिथेच खुर्चीत बसून तिने लिहिलं. 'मागच्या भिंतीची अमोनियाची पाइप गंजली आहे. एक मिलिमीटर उरली. केव्हाही फुटेल. शीतगृह बंद करा. बायकांना बाहेर काढा. मी तपासलं आहे.'

उत्तर लगेच आलं. जुळणी एकतीस. हा आदेश शलाका हेरवाडे यांच्या ओळखीशी जुळत नाही. आदेशाचा अधिकार तपासणीसाठी स्थगित.

तिने केळुसकरांना फोन लावला. तिचा आवाज चिरकत होता. तिची छबी कधी घाबरत नसे. दोन वाक्यं होतात न होतात तोच फोन तुटला आणि पडद्यावर अक्षरं आली: संशयास्पद आवाज, जुळणी एकोणतीस. अग्निशमन दलाने सभ्यपणे सांगितलं, की गळती झाली की आम्ही येऊच. पण ओळख न पटलेल्या सूचनेवर गाडी काढायची नाही असा हुकूम आहे, आठवड्याला चाळीस खोटे फोन येतात.

"लोंढे, मी तुमच्यासमोर बसले आहे," शलाका म्हणाली.

"मला दिसतंय, मॅडम. तुम्ही तुम्हीच आहात. पण कागदावर तुम्ही नाही आहात. उद्या माल सडला तर मी कुणाच्या आदेशाने बंद केलं म्हणून सांगू?"

आदेश स्थगित असला तरी साधी निवेदनं पाठवता येत होती, आणि पाठवण्याआधी आकडा बघायची सोय होती. शलाका लिहायला लागली. 'केव्हाही फुटेल'च्या जागी 'जोखीम संभवते' घातलं, आकडा चव्वेचाळीसवर गेला. 'बंद करा'चं 'बंद करण्याचा विचार व्हावा' केलं, छप्पन्न. बायकांचं वाक्य काढलं, एकसष्ट. आप्पा मागे उभे राहून बघत होते. त्यांना वाचता येत होतं, पण हे काय चाललंय ते त्यांना उमगेना. शेवटी पडद्यावर जे उरलं ते असं होतं: 'तासगावच्या आमच्या कुटुंबासोबत आज पाइपलाइनची पाहणी केली. नूतनीकरणाच्या एका रोमांचक प्रवासाला लवकरच सुरुवात करण्याची संधी समोर आहे, याचा मनापासून आनंद वाटतो.'

जुळणी चौऱ्याऐंशी.

निदान कुणीतरी 'पाइपलाइन' हा शब्द वाचून फोन करील, या आशेने तिने ते पाठवलं. पाच मिनिटांत केळुसकरांचं उत्तर आलं. 'उत्तम. हंगाम संपला की हाती घेऊ.' त्याखाली त्यांनी आठवण दिली होती, की दोन आठवड्यांपूर्वी हंगामपूर्व पाहणीच्या फॉर्ममध्ये तिने सगळ्या अकरा ठिकाणांना 'पूर्ण सज्ज' असा शेरा दिला होता. तो फॉर्म शलाकाने कधी बघितलाही नव्हता.

संध्याकाळी बायका घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या ओळख केंद्रात समक्ष जाऊन अधिकार परत मिळवायचा, एवढा एकच रस्ता उरला होता. निघताना तिने आप्पांना बाजूला घेतलं.

"आप्पा, रात्रपाळी दुसऱ्याची आहे. सकाळी पहिल्या पाळीला तुम्ही पाइपातला अमोनिया हळूहळू टाकीत ओढून घ्यायला लागा. कुणाला सांगू नका. विचारलं तर तेल काढतोय म्हणा. पाच-सहा तासांत पाइप रिकामी होईल. तोवर मी आदेश घेऊन येते."

"लोंढेसाहेबांना न सांगता?"

"मी सांगते म्हणून करा."

"तुम्ही सांगताय म्हटल्यावर करायचंच की," आप्पा म्हणाले.

कोल्हापूरच्या केंद्रात तिने सकाळी नऊला टोकन घेतलं. बोटांचे ठसे जुळले, डोळे जुळले. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, बोलणं जुळत नाही तेव्हा साहेबांची सही लागेल, साहेब अकराला येतात. शलाका बाकावर बसून राहिली. समोर भिंतीवर यशस्वी व्यक्तींची चित्रफीत चालू होती.

तिकडे तासगावला साडेनऊपर्यंत आप्पांनी निम्मी पाइप ओढून घेतली होती. शीतकक्षाचं तापमान दोन अंशांनी चढलं आणि पुण्याच्या यंत्रणेने ते टिपलं. केळुसकरांचा आदेश आला, जुळणी एक्क्याण्णव: यंत्र पूर्ववत सुरू करा. लोंढे धावत यंत्रघरात गेला. आप्पांनी त्याला दोन्ही हातांनी अडवलं, पाइप आत्ता अर्धी भरलीये, जोर देऊ नका म्हणून विनवलं. लोंढेने त्यांना ढकलून बटण दाबलं. अर्धवट भरलेल्या पाइपमध्ये जोराने शिरलेला द्रव पुढच्या वाकणावर हातोड्यासारखा आदळतो. जाड पाइप असती तर सोसली असती.

लोंढे पळाला. आप्पा हॉलमध्ये पळाले. बायका पुढच्या दाराकडे धावत होत्या, वारा त्याच बाजूला होता. त्यांनी ओरडून सगळ्यांना बाजूच्या फाटकाकडे वळवलं, तोंडावर ओले पदर घ्यायला लावले. सदतीसच्या सदतीस बायका बाहेर पडल्या. तोवर पांढरा धूर जमिनीवरून रस्त्यापलीकडच्या वस्तीकडे सरकायला लागला होता. मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय तो थांबणार नव्हता. आप्पा तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेले. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला सापडला. आप्पा त्याच्या खाली सापडले.

शलाकाला फोन आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. गाडी अंकलीच्या पुलावर पोचली असताना तिच्या मोबाइलवर तिच्याच नावाचा मजकूर झळकला. 'आज आमच्या कुटुंबातला एक तारा निखळला. आप्पासाहेबांनी मला शिकवलं, की समर्पण म्हणजे काय.' त्याखाली हात जोडलेली चिन्हं वाढत होती. तिने गाडी कडेला घेतली. छबी तिने तिथेच बंद केली. पण लिहिलेलं सगळं जिथल्या तिथे होतं.

आठवड्याने कंपनीचे वकील शेडबाळे घरी आले. भरतेशने त्यांना चहा दिला.

"परिस्थिती तुमच्या बाजूची आहे," वकील म्हणाले. "अपघाताच्या आदल्या दिवशी तुमच्या नावावर दोनच गोष्टी आहेत. चौऱ्याऐंशी जुळणीचं एक निवेदन, त्यात धोक्याचा उल्लेख नाही. आणि एकतीस जुळणीचा एक बनावट आदेश, तो कुणीतरी खोडसाळपणे पाठवलेला. मगदूमने कुणाच्या आदेशाशिवाय यंत्रणा अर्धवट बंद केली, त्यातून अपघात झाला. तुम्ही फक्त गप्प राहा."

"आणि मी म्हटलं, की तो आदेश माझाच होता?"

"मग फॉर्मवरचा शेरा तुमचा नव्हता, असं होईल. चार वर्षांतलं काहीच तुमचं नव्हतं. सुरक्षेचा परवाना जाईल आणि निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होईल. आणि इतकं करून तुमचं म्हणणं यंत्रात जुळणारही नाही."

ते गेल्यावर शलाका म्हणाली, "मी सांगणार आहे. आप्पांना मीच सांगितलं होतं."

भरतेश कपबश्या उचलत होता. "सांग," तो म्हणाला.

"तू मला ओळखतोस ना? तुझी साक्ष चालत नाही, नवरा म्हणून. पण चालली असती तर दिली असतीस?"

त्याने बश्या एकावर एक ठेवल्या. "माझ्या वाढदिवसाला तू मला मोठं पत्र पाठवलं होतंस. मी ते जपून ठेवलंय. ते कुणी लिहिलं होतं?"

शलाकाला तो वाढदिवसही धड आठवत नव्हता. भरतेशने कपबश्या आत नेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

चौकशी अधिकारी श्रीमती बनसोडे या निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. त्यांनी शलाकाचं सगळं म्हणणं ऐकलं, यंत्राने आकडा दाखवला, सव्वीस. त्यांनी चष्मा काढला.

"यंत्राच्या नियमाने हे निवेदन तुमचं नाही. पण जुना एक नियम अजून रद्द झालेला नाही. तुम्हाला दहा वर्षांहून अधिक ओळखणाऱ्या दोन माणसांनी समक्ष येऊन सांगावं, की ही तीच बाई आणि हे तिचंच बोलणं. मग मला ते नोंदवावं लागेल. नवरा किंवा शीतांशच्या नोकरीतलं कुणी चालणार नाही."

पहिला सन्मती. तीन वर्षांनी ती त्याच्या दारात गेली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो. पण आधी आईला सांग." तिने त्या दुपारी आईला सांगितलं, की बाबा काही बोलले नव्हते, पाणी मागत गेले. आई म्हणाली, "मला तेवढं तरी ठेवायचं होतंस." ती उठून आत गेली. सन्मती ठरल्या दिवशी आला, सही केली आणि बहिणीकडे न बघता गेला.

दुसऱ्या साक्षीदाराची मात्र पंचाईत होती. आईला आता विचारायची सोय नव्हती. चार वर्षांत तिने माणसं हजारोंनी जोडली होती. यादी काढायला बसली तेव्हा दहा वर्षांपूर्वीचं बोलणं ठाऊक असलेलं, नोकरीबाहेरचं, एकच नाव उरलं. ती आप्पांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोला, पद्माकाकूंना, तिने काही लपवलं नाही. फॉर्म, छबी, चौऱ्याऐंशीचं निवेदन, आणि यंत्र बंद करायला आप्पांना मी सांगितलं, हेही. काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शलाका अर्धा तास बसली आणि उठून आली.

सुनावणीच्या दिवशी काकू एकट्या, एसटीने आल्या. त्यांना खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या.

"या बाईंना ओळखता?" श्रीमती बनसोडेंनी विचारलं.

काकूंनी शलाकाकडे बघितलं. चांगलं निरखून, बाजारात पारखून घ्यावं तसं. "आधी काहीतरी बोलू द्या तिला," त्या म्हणाल्या.

शलाकाने निवेदन पुन्हा सांगितलं. आवाज स्थिर ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला. पण तो ठिकठिकाणी तुटला, शेवटचे शब्द तिने गिळले, आणि मधे एकदा नुसतंच 'पण' म्हणून ती थांबली आणि पुढचं वाक्य तिला सापडलं नाही.

"हीच ती," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं माझ्या घरी जेवलीये. भ्यायली की अशीच बोलते. तेव्हा एकदा हिच्या हातनं तेल सांडलं होतं, सगळी यंत्रखोली घसरडी झाली, तेव्हा पण अशीच बोलत होती."

"त्या म्हणतात, मगदूमांनी यंत्र बंद करायला घेतलं ते त्यांच्या सांगण्यावरून. हे त्यांचंच बोलणं आहे, असं तुम्ही म्हणता?"

"तिचंच आहे. हिनं सांगितल्याबिगर ते हात लावणार नव्हते."

लिपिकाने कागद पुढे केला. काकूंनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. श्रीमती बनसोडेंनी निवेदन मोठ्याने वाचून दाखवलं. आप्पासाहेब मगदूम यांच्यावरचा आरोप त्यात उरला नव्हता. दारापाशी हवालदार उभा होता, त्याच्या हातात शलाकाच्या नावाचं समन्स होतं.

शलाका काकूंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

"त्यांचं नाव धुऊन निघावं म्हणून आले मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला ओळखलं, ते खरंच ओळखलं. आता माझ्या दारात येऊ नकोस."

त्यांनी पिशवी काखोटीला मारली आणि जिन्याच्या कठड्याला धरत उतरू लागल्या. त्या खाली पोचेपर्यंत शलाका तिथेच उभी राहिली. मग तिने हवालदाराकडून कागद घेतला आणि त्याने दाखवलेल्या जागी सही केली.